साडेसत्त्याहत्तर सीसी

फॉर्ममध्ये अकरा रकाने होते. त्यांतले दहा मास्तरांनी कापड बेतायच्या टेबलाशी उभ्याउभ्याच भरून टाकले आणि अकराव्याशी येऊन ते अडले. रकाना तसा साधा होता. 'इंजिनची क्षमता, सीसीमध्ये.' पण मास्तर शिलाईच्या धंद्यात बत्तीस वर्षं मुरलेले. मापाबद्दल आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारावं आणि आपल्याला उत्तर येऊ नये, हे त्यांच्या जिवाला लागलं.

मोटारसायकल होती सासऱ्यांची. काळी, जाडजूड, सुरू होताना आढेवेढे घेणारी आणि एकदा सुरू झाली की शेजारच्या घरातली भांडी वाजवणारी. सासरे गेल्यावर आधी गाडी जावयाकडे आली आणि वर्षभराने सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. गाडी दुकानामागच्या शेडमध्ये, सासूबाई पुढच्या खोलीत, असं दोघींचंही बस्तान नीट बसलं होतं. पण येत्या रविवारी जुन्या गाड्यांची फेरी निघणार असल्याची जाहिरात पेपरात आली आणि सासूबाईंनी धोशा लावला.

"जावईबापू, मला एकदा त्या गाडीवरून जायचंय. पुन्हा काही मागणार नाही."

"कधीही चला की, आई. त्याला फेरी कशाला हवी?"

"फेरीतच. चार लोक बघत असताना. तीस वर्षं मी यांच्यामागे एका बाजूला पाय टाकून बसले, मांडीवर पिशव्या घेऊन. आता दोन बाजूंना दोन पाय टाकून बसणार. मला पँट शिवा."

एकाहत्तराव्या वर्षी सासूबाईंनी पँट मागितली, आणि जावयाने ती शिवायची. मास्तरांनी घाम पुसला. शेवटी त्यांच्या बायकोने पडद्याआड आईची मापं घेतली आणि मास्तरांनी पडद्याच्या अलीकडे पाठमोरं उभं राहून ती वहीत लिहिली. पडद्यामागून शेवटची सूचना आली, "उजवा गुडघा जरा सैल ठेवा हो."

"दुखतो का, आई?"

"ठेवा म्हणते ना!"

मास्तरांनी लिहिलं : उजवा गुडघा, अर्धा इंच सैल. गिऱ्हाईक सांगेल ते लिहायचं, कारण विचारायचं नाही, हा दुकानाचा शिरस्ता होता.

तर आता फेरीच्या फॉर्ममधला अकरावा रकाना. गाडीच्या जुन्या पुस्तकात इंजिनापुढे '३०.५ घन इंच' असं छापलेलं होतं. मास्तरांची मुलगी विज्ञानाची पदवीधर. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. ती एका पायात बूट घालून दुसरा शोधत होती, तेव्हा मास्तरांनी तिला गाठलं.

"काय गं, सीसी म्हणजे काय?"

"घन सेंटिमीटर, बाबा. माझा दुसरा बूट पाहिलात?"

"मशिनखाली आहे. म्हणजे इंचाऐवजी सेंटिमीटर, एवढंच ना?"

"हो, तेच," असं म्हणून ती मशिनखाली वाकली आणि पुढच्या मिनिटाला घराबाहेर पडली. तिचं त्यात काही चुकलं असं म्हणता येणार नाही. वाकलेल्या माणसाला खोलवर विचारायचंच नसतं.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. इंचाचे सेंटिमीटर करायला त्यांना कुणाची गरज नव्हती. कापड मीटरने घ्यायचं आणि माणूस इंचाने मापायचा, यातच त्यांचा जन्म गेला होता. राहता राहिला 'घन' हा शब्द. तो इंचाच्या मागे होता आणि सेंटिमीटरच्याही मागे होता, म्हणजे दोन्हीकडून छाटता येत होता. त्यांनी गळ्यातली टेप काढली, साडेतीस इंचांवर अंगठा ठेवला आणि टेप उलटी केली. साडेसत्त्याहत्तरला केसभर कमी. केस त्यांनी सोडून दिला आणि रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं : ७७.५. खाली सही केली. फॉर्म गेला.

बुधवारी उत्तर आलं. ते सासूबाईंनीच आधी वाचलं.

"गट पहिला," त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "शंभर सीसीपर्यंत. एकच स्वार, मागे कुणालाही बसवू नये. वेग सायकलइतका. हे काय आहे हो?"

मास्तरांनी कागद हातात घेतला. गटात आणखी सहा गाड्या होत्या आणि त्यांतल्या दोन गाड्यांपुढे 'पायडलसह' असं लिहिलेलं होतं.

"पायडलवाल्यांत?" सासूबाई म्हणाल्या. "यांची गाडी पायडलवाल्यांत? अहो, ही गाडी गल्लीत शिरली की दूधवाला भिंतीला चिकटून उभा राहायचा! आणि एकच स्वार म्हणजे? मग दुसऱ्यानं काय हात हलवायचे?"

"काहीतरी गफलत झाली असेल, आई."

"गफलत तुम्ही निस्तरा. पँट शिवून झालीये, ती काही मी घरात घालून बसायची नाही."

संध्याकाळी मुलगी कामावरून आली, कागद पाहिला आणि मटकन खुर्चीत बसली.

"साडेसत्त्याहत्तर? बाबा, हे कुठून आणलंत?"

"टेपवरून," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा अर्धा इंच लहान झाला होता. "हे बघ, साडेतीस इंच. आणि उलट बाजूला हे."

"ही लांबी झाली! इंजिनात जागा मोजायची असते. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही. तुम्ही लांबी तेवढी सेंटिमीटरची केलीत आणि बाकीच्या दोन बाजू इंचातच ठेवल्यात."

"पण घन दोन्हीकडे होतं."

"म्हणून काय छाटून टाकायचं? बटण दोन्ही बाह्यांना असतं, म्हणून तुम्ही दोन्हीकडची काढून टाकता?"

मास्तरांना हे लागलं, पण पटलं नाही. तेव्हा मुलीने मोरीतून कपड्याच्या साबणाची नवी वडी आणली आणि सुरीने तिचा बरोबर इंचाचा ठोकळा कापला. लांबी इंच, रुंदी इंच, उंची इंच. तिची आई हातातली सुई टोचून ठेवून धावत आली. "अगं, ती आजच आणलीये!"

"विज्ञानासाठी आहे, आई."

"तुझ्या विज्ञानाला माझाच साबण सापडला?"

मुलीने त्या ठोकळ्यातून सेंटिमीटरचे ठोकळे कापायला घेतले. एका बाजूने दोन, दुसऱ्या बाजूने दोन, उंचीला दोन. आठ ठोकळे निघाले आणि बाजूला पातळ पातळ पट्ट्या उरल्या.

"आठ," मास्तर म्हणाले. "बरं. मग आठने गुणायचं."

"आणि या कात्रणांचं काय करणार?"

कात्रण म्हटल्याबरोबर मास्तरांचे डोळे उघडले. आयुष्यात त्यांनी कात्रण फुकट घालवलं नव्हतं. वीतभर तुकड्यातून ते खिशाचं अस्तर काढायचे. त्यांनी त्या पट्ट्या बोटांनी एकमेकींना जोडून पाहिल्या, डोळ्यांनीच अंदाज घेतला आणि हळूच म्हणाले, "अगं, यात तर अजून आठ निघतील."

"आठाच्या वर थोडं. एकूण सोळा पूर्णांक एकोणचाळीस शतांश. म्हणजे तुमच्या साडेतीस घन इंचांचे झाले चारशे नव्व्याण्णव पूर्णांक आठ. पाचशेची गाडी आहे, बाबा. तुम्ही तिचा रुमाल शिवलात."

बत्तीस वर्षांत मास्तरांच्या हातून एक पँट आखूड झाली होती, आणि तीही गिऱ्हाईक मधल्या काळात उंच झाल्यामुळे. आता एका फटक्यात चारशेवर सीसी आखूड.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते फेरीच्या परीक्षकांच्या घरी गेले. परीक्षक म्हणजे वाहनांची तपासणी करण्यात हयात घालवून निवृत्त झालेले साहेब. सगळे त्यांना साहेबच म्हणत. पांढऱ्या पँटची इस्त्री अशी, की तिच्या धारेने कागद कापावा. त्यांनी मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्याची काच पुसली.

"पुस्तकात साडेतीस, फॉर्ममध्ये साडेसत्त्याहत्तर आणि तोंडी पाचशे. एका गाडीचे तीन आकडे. तुमच्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, मास्तर?"

"पुस्तकातला आकडा इंचातला आहे, साहेब."

"इंचबिंच आमच्याकडे चालत नाही. आमच्याकडे सगळं मेट्रिक. पुस्तक कुठल्या गाडीचं आणि इंजिन कुठलं, तेही मला माहीत नाही. जुन्या गाड्यांत लोक काय काय बसवतात! उद्या चार वाजता मी स्वतः मोजेन. जे निघेल ते लिहीन."

मोजायचं कसं, हा प्रश्न घरी आल्यावर उभा राहिला. इंजिन उघडलं की काम सोपं होतं, पण सासूबाई आडव्या आल्या. "यांनी हातांनी बंद केलेलं इंजिन आहे. मी आहे तोवर कुणी उघडायचं नाही."

मुलीने तासभर वहीत आकृत्या काढल्या आणि तोडगा शोधला. प्लग काढला की इंजिनाच्या डोक्याला भोक राहतं. पिस्टन पार तळाला असताना त्या भोकातून तेल भरायचं, काठोकाठ. मग पिस्टन अलगद वर आणायचा. पिस्टन जेवढी जागा व्यापेल तेवढंच तेल बाहेर येईल. ते नळीने मोजपात्रात घ्यायचं आणि आकडा वाचायचा.

"एक मिलिलिटर म्हणजे एक सीसी," ती म्हणाली. "पात्रात पाचशे आलं की गाडी पाचशेची. कुणाला बोलायला जागा नाही."

झडपा बंद राहाव्यात म्हणून तिने गॅरेजवाल्याकडून इंजिनाबाहेरच्या नळ्यांतले, झडपा उघडणारे दोन दांडे काढून घेतले. प्रयोगशाळेतून परवानगी काढून काचेचं मोजपात्र आणलं. स्वयंपाकघरातून तेल आणलं, तेव्हा आईने फक्त कपाळाला हात लावला. साबण गेलाच होता, त्याच्यामागून तेल निघालं.

शुक्रवारी चारच्या ठोक्याला साहेब शेडमध्ये हजर झाले. हातात फाइल, खिशाला पेन, अंगात तीच पांढरी पँट. गाडी स्टँडवर उभी केलेली. सासूबाई नवी पँट घालून शेडच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या, साक्षीला. मास्तरांना काम दिलं होतं फक्त गाडीवर बसायचं आणि सांगितल्यावर मागचं चाक हाताने हळूहळू फिरवायचं. चाक फिरलं की पिस्टन वर येणार होता.

मुलीने तेल मोजून ओतलं आणि प्रत्येक वेळी वहीत आकडा लिहिला. भोक काठोकाठ भरलं तेव्हा ती म्हणाली, "पाचशे शहाऐंशी मिलिलिटर आत गेलं."

"म्हणजे पाचशेच्या वर?" साहेबांनी भुवई उचलली.

"नाही साहेब, पिस्टन वर गेला तरी त्याच्या डोक्यावर थोडी पोकळी राहते, तिच्यातलं तेल आत राहणार. आपण फक्त बाहेर येईल ते मोजायचं."

भोकाला रबराची नळी लावली. नळीचं दुसरं टोक मोजपात्रात सोडलं. साहेब आकडा नजरेच्या रेषेत वाचायला हवा म्हणून गुडघ्यांत वाकले आणि नळीपासून हातभर अंतरावर स्थिर झाले.

"हं," ते म्हणाले. "आणा पिस्टन वर."

आता मास्तरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. बत्तीस वर्षं ते पायमशिनवर बसत आले होते. समोर कुणीतरी वाकून बघतंय, काम सुरू करायला सांगतंय, आणि पायाखाली एक लोखंडी पट्टी आहे, अशा वेळी काय करायचं हे त्यांचा पाय त्यांना कधीच विचारत नसे. हात चाकाकडे निघाला होता हे खरं, पण पाय आधी पोचला. मास्तरांनी किक मारली.

नळी निसटली ती सापासारखी हवेत उडाली. तिच्यामागून तेलाची जाडजूड धार निघाली आणि साहेबांच्या कमरेपासून खाली, इस्त्रीच्या धारेवरून, सरळ बुटांपर्यंत पोचली. मोजपात्रात दोन थेंबही पडले नाहीत.

साहेब वाकलेलेच राहिले होते. त्यांच्या पँटवरून तेल ठिबकत होतं.

"अहो," दारातून सासूबाईंचा आवाज आला, "पिस्टन आधी हळूच वर आणायचा असतो. मग किक मारायची. एवढंही कसं कळत नाही?"

"मास्तर!" साहेब ताडकन उभे राहिले. "ही माझी एकुलती एक पांढरी पँट आहे! परवा फेरीला झेंडा दाखवायचाय मला! आणि माप? मापाचं काय? पात्र कोरडं आहे. आता मी काय लिहू?"

"साहेब, माफ करा, पाय..."

"साडेसत्त्याहत्तरच राहील! सही आहे तुमची!"

मास्तरांनी सासूबाईंकडे पाहिलं नाही. पाहायची छाती नव्हती.

"थांबा," मुलगी म्हणाली. ती केव्हाच गाडीशी बसली होती. तिने प्रयोगशाळेतली मोठी पिचकारी भोकात घातली आणि आत उरलेलं तेल थोडं थोडं ओढून पात्रात सोडायला सुरुवात केली. शेवटचा थेंब आला तसं तिने पात्र डोळ्यांसमोर धरलं. "सत्त्याऐंशी. साहेब, तुमच्यासमोर आत गेलं पाचशे शहाऐंशी. आत उरलं सत्त्याऐंशी. बाकीचं कुठे आहे?"

साहेबांनी खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"चारशे नव्व्याण्णव," ती म्हणाली. "तुमच्या अंगावर जेवढं उडालं, तेवढीच इंजिनची क्षमता. पिस्टनने जे बाहेर ढकललं तेच तुमच्यावर आलं, साहेब. पात्र बदललं, माप तेच आहे."

साहेब गणिताला घाबरणारे नव्हते. त्यांनी वही मागवली, वजाबाकी स्वतः करून पाहिली, मग पुन्हा एकदा पँटकडे पाहिलं. स्वतःच पुरावा होण्याची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. "हिशेब बरोबर आहे," ते नाराजीने म्हणाले. "पण अशा अवस्थेत मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही."

"पँट मी शिवून देतो," मास्तर चटकन म्हणाले. "परवा सकाळी सातला घरपोच. पांढरीच. आत्ता माप घेतो." गळ्यातली टेप हातात आल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. तेलकट पँट सुक्या फडक्याने पुसून त्यांनी साहेबांच्या कमरेला टेप गुंडाळली.

"छत्तीस," साहेबांनी आधीच सांगून टाकलं.

मास्तरांनी टेप पाहिली. टेप एक्केचाळीस म्हणत होती.

"साहेब, जरा श्वास सोडा."

"सोडलाय. छत्तीस लिहा. वीस वर्षं माझी कंबर छत्तीस आहे."

मास्तर पेचात पडले. याच आठवड्यात एक आकडा चुकीचा लिहून त्यांनी घरभर गोंधळ उडवून दिला होता. पुन्हा खोटं लिहायला हात धजेना. तेवढ्यात त्यांना साहेबांचंच बोलणं आठवलं. त्यांनी टेप उलटी केली. "इंच तुमच्याकडे चालत नाहीत, नाही का? मेट्रिकमध्ये लिहितो. एकशे चार."

"किती?"

"एकशे चार. ही एकच लांबी आहे साहेब, तेव्हा टेपवर वाचलं तर चालतं."

'एकशे चार' हा आकडा शेडमध्ये घुमल्यासारखा झाला. दारातून सासूबाईंनी पुढे वाकून पाहिलं. साहेबांनी घाईघाईने फाइल छातीशी धरली, मग पोटाशी.

"मास्तर," ते आवाज उतरवून म्हणाले, "इंचातच लिहा. आणि छत्तीसच लिहा. कापायचं ते तुम्हाला दिसतंयच."

वहीत छत्तीस लिहिलं गेलं. साहेबांनी पेन उघडलं आणि अकराव्या रकान्यातला साडेसत्त्याहत्तर खोडून चारशे नव्व्याण्णव लिहिला. गट तिसरा, पाचशे सीसीपर्यंत. दोघे जण चालतील. सासूबाई स्टुलावरून उठल्या आणि शेडमधून निघून गेल्या. जाताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या.

रविवारी सकाळी साहेब नव्या पँटमध्ये मैदानावर उभे होते. आतल्या पट्टीवर मास्तरांनी छत्तीसचा आकडा धाग्याने भरला होता. साहेब इकडेतिकडे वाकत होते, झेंडा उचलत होते, आणि भेटेल त्याला सांगत होते की छत्तीस अशी बेतली तर कशी बसते बघा. मास्तरांनी गॅरेजवाल्याकडून दांडे परत बसवून घेतले होते, गाडी पुसून चकचकीत केली होती, आणि आता ते पुढच्या सीटवर बसायला निघाले होते. सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मागे बसा."

"आई?"

"कागदावर लिहिलंय दोघे जण. पुढे कोण, मागे कोण, ते कुठे लिहिलंय?" त्यांनी पर्समधून लायसन्स काढून साहेबांसमोर धरलं. कडा झिजलेल्या, पण मुदत वेळोवेळी वाढवून घेतलेली. साहेबांनी ते उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"आई, तुम्हाला चालवता येते?"

"यांनीच शिकवली. गावाबाहेर. तिथे मी पुढे असायचे, गावात शिरलं की मागे." त्या सीटवर बसल्या. दोन बाजूंना दोन पाय. "एकटीला जाता आलं असतं मला तुमच्या त्या पहिल्या गटात. पण लोक म्हणाले असते, म्हातारी गाडी घेऊन पळाली. मागे जावई असला की बरं दिसतं. बसा लवकर, आणि मुलीसारखं एका बाजूला पाय टाकून नको."

मास्तर बसले. हात कुठे धरायचे ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी सीटचा पट्टा धरला. रस्त्याकडेला त्यांची बायको आणि मुलगी एकमेकींना धरून हसत होत्या.

सासूबाईंनी किकवर उजवा पाय ठेवला. घाई केली नाही. पाय अलगद दाबून पिस्टन हळूच वर आणला, क्षणभर थांबल्या, मग गुडघा पार छातीपर्यंत उचलला. पँट कुठेही अडली नाही, कारण उजवा गुडघा अर्धा इंच सैल होता. मास्तरांना, इतक्या उशिरा, आपण कशाचं माप लिहिलं होतं ते समजलं.

एकाच किकमध्ये गाडी सुरू झाली. कडेच्या चहाच्या टपरीवरच्या बशा थरथरू लागल्या. साहेबांनी झेंडा खाली केला.

"काय म्हणाला होतात हो तुम्ही हिला?" सासूबाईंनी मान न वळवता विचारलं. "साडेसत्त्याहत्तर?"

मास्तर उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी उजवं मनगट वळवलं आणि उरलेले चारशे साडेएकवीस एकदम सोडले.